पहिलं कोरल घरी आणताना

मरीन टँक, म्हणजे खाऱ्या पाण्याची शोभेची टाकी, सुरू करणारा माणूस दुकानात शिरला की पहिला प्रश्न लाइटचा विचारतो. कुठला घेऊ, किती वॅटचा, मोबाइलवरून चालतो का? लाइट लागतोच. पण घरच्या टाकीतलं पहिलं कोरल लाइटपायी क्वचितच मरतं. ते मरतं पाण्याचा खारटपणा आणि तापमान रोज वरखाली होत राहिल्यामुळे, आणि त्याहून जास्त वेळा मालकाने घाबरून एका दिवसात चार उपाय केल्यामुळे. त्यामुळे या लेखात लाइटच्या वाट्याला थोडंच आलंय, बाकी सगळं पाणी.

आधी हे नेमकं काय आहे ते बघू. कोरल, म्हणजे आपलं प्रवाळ, हा प्राणी आहे. एका जागी रुजलेला असतो, कधी त्याला फांद्याही फुटतात, म्हणून झाड वाटतो. जवळून पाहिलं तर मधोमध एक तोंड, तोंडाभोवती स्पर्शकांचं कडं, खाली पिशवीसारखं पोट. एवढाच कारभार, आणि याला म्हणतात पॉलिप. तोंड एकच, खायलाही तेच आणि नको ते बाहेर टाकायलाही तेच. समुद्रफूल आणि जेलीफिश ही याची भावंडं.

गंमत पुढे आहे. या प्राण्याच्या पेशींच्या आत एकपेशीय शैवाल राहतं. झूझँथेली हे त्याचं रूढ नाव. शैवाल प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातली बरीचशी यजमानाला देतं. उथळ, स्वच्छ समुद्रात कोरलच्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा या भाडेकरूकडून येऊ शकतो. बदल्यात कोरल त्याला आसरा देतं, कार्बन डायऑक्साइड देतं, आणि आपल्या शरीरातला नायट्रोजन-फॉस्फरसचा टाकाऊ माल देतं. म्हणजे तुम्ही एक प्राणी विकत घेतलात असं वाटतं, पण टाकीत येतात दोन जीव. त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत आणि दोघांचं एकमेकांशी जमलं तरच कोरल जगतं.

बिनसतं कसं तेही समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या बहुतेक सूचनांचं मूळ तिथे आहे. पाणी जास्त तापलं किंवा प्रकाश अचानक वाढला की शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा कोलमडते. प्रकाश येत राहतो, पण त्यातली ऊर्जा वापरली जात नाही, आणि ऑक्सिजनची अतिशय दाहक रूपं तयार होऊ लागतात. ती कोरलच्याच पेशी जाळायला लागतात. तेव्हा कोरल सरळ त्या शैवालाला बाहेर काढतं. रंग बराचसा शैवालाचाच असतो, त्यामुळे मागे उरतं ते पारदर्शक मांस. हेच ब्लीचिंग. समुद्रात यासाठी फार मोठी उलथापालथ लागत नाही. त्या जागेच्या नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त, आणि तो काही आठवडे टिकला, की पुरे. लक्षद्वीपच्या बेटांभोवती 1998, 2010, 2016 आणि 2024 मध्ये हेच झालं. घरच्या टाकीत एखादा अंश चढणं हा मे महिन्यातल्या एका दुपारचा खेळ आहे.

पण पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं. ते उपाशी असतं. सावलीत ठेवलं, तापमान ठिकाणावर आणलं, तर शैवाल परत वाढू शकतं. टाकून देण्याची घाई करू नये.

कुठलं आणावं, आणि कुठलं आणू नये

इथे कायदा आधी बघावा लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून सगळी दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. वाघ ज्या अनुसूचीत आहे, तीच ही. गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आहे. मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावरून आठवण म्हणून उचललेला मेलेला पांढरा तुकडासुद्धा यात येतो, हे बऱ्याच पर्यटकांना माहीत नसतं. मुंबईत कोस्टल रोडचं काम सुरू असताना 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची प्रवाळं परवानग्या काढून दुसरीकडे हलवावी लागली, ती याच कायद्यामुळे. परदेशातून आणलेल्या दगडी प्रवाळांना साइट्स या करारातली, म्हणजे दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातली, कागदपत्रं लागतात. दुकानदार 'सगळं ओके आहे' म्हणाला तर कागद दाखवायला सांगा. नसतील तर दुकानाबाहेर पडा. लाइव्ह रॉक म्हणून विकला जाणारा समुद्रातला दगडही मुळात जुन्या प्रवाळाचा सांगाडाच असतो, तेव्हा टाकीसाठी कारखान्यात केलेला कोरडा सच्छिद्र दगड घ्यावा. टाकीतली घाण पचवणारे जिवाणू त्याच्यावरही बसतात, थोडा वेळ लागतो इतकंच.

सुदैवाने नवख्या माणसाला जे सोपं, ते या यादीच्या बाहेरचं आहे. माझं मत विचाराल तर पहिलं कोरल मशरूम असावं. डिस्कोसोमा किंवा ऱ्होडॅक्टिस जातीचं, रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढं, लाल, निळं, हिरवं किंवा ठिपक्यांचं. याला दगडी सांगाडा नसतो. प्रकाश कमी चालतो, पाण्याचा जोर कमी चालतो, पाणी थोडं 'श्रीमंत', म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट जास्त असलेलं, असलं तरी कुरकुर करत नाही. दुसऱ्या क्रमांकावर लेदर कोरल, ज्याला टोडस्टूल म्हणतात ते. पैदाशीच्या टाकीत वाढवलेला फ्रॅग, म्हणजे मोठ्या कोरलचा कापून चिकटवलेला छोटा तुकडा मिळाला तर उत्तम. तो घरगुती पाण्याला आधीच सरावलेला असतो, आणि समुद्रातून काही कमी होत नाही.

दोन गोष्टी मात्र दुकानात मोहात पाडतात. एक म्हणजे एलिफंट इअर नावाचं मोठं मशरूम. ताटलीएवढं होतं आणि अधूनमधून कडा मिटून पिशवी करतं. त्या पिशवीत तुमचा क्लाउनफिश मासा अडकलेला असू शकतो. दुसरं म्हणजे झोअँथिड, रंगीत बटणांचा गालिचा. स्वस्त, सुंदर, चिवट. त्याच्याबद्दल पुढे वेगळं सांगतो, कारण तो विषय विषाचा आहे.

दुकानातल्या रंगावरही जाऊ नका. तिथे टाकीवर नुसता निळा लाइट असतो आणि त्यात कोरलमधली चमकणारी प्रथिनं पेटल्यासारखी दिसतात. दुकानदाराला पांढरा लाइट लावायला सांगा आणि मग बघा.

पाणी

समुद्राच्या पाण्यात साधारण हजारी पस्तीस भाग क्षार असतात, म्हणजे लिटरला 35 ग्रॅम. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, ते विशिष्ट गुरुत्वाच्या मापात 1.026 च्या आसपास दिसतं. आता एक हिशेब करू. टाकीत 100 लिटर पाणी आहे, म्हणजे साडेतीन किलो क्षार. दिवसभर पंखा चालला, तीन लिटर पाणी उडून गेलं. उडतं ते पाणी, क्षार जागेवरच. आता साडेतीन किलो क्षार 97 लिटरमध्ये आहेत, म्हणजे लिटरला 36. दुसऱ्या दिवशीही विसरलात तर 37 च्या पुढे. हीच टाकी 20 लिटरची असेल आणि दोन लिटर उडालं तर आकडा थेट जवळपास 39 होतो. 'सुरुवातीला छोटी टाकी घेतो, झेपेल' हा विचार मरीन टँकमध्ये उलटा पडतो तो इथे. लहान टाकीत चूक पसरायला जागाच नसते. जागा आणि खिसा परवानगी देत असेल तर 80 ते 120 लिटरपासून सुरुवात करावी.

उडालेलं पाणी भरून काढताना गोडं पाणी घालायचं, खारं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी लढाई संपते. टाकीच्या काचेवर बाहेरून पेनने एक रेघ मारा, आणि रोज सकाळी पाणी त्या रेघेपर्यंत आणा. तरंगत्या बटणावर चालणारा ऑटो टॉप-अप मिळतो, तो पहिल्या महिन्याभरात घ्यावा असं मी म्हणेन, लाइट बदलण्याच्या कितीतरी आधी. फक्त त्याची गोड्या पाण्याची टाकी छोटी ठेवा. बटण अडकलं तर ती सगळी रिकामी होणार आहे हे धरून चाला.

गोडं पाणी म्हणजे कुठलं? नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच. आणि स्वयंपाकघरातल्या आरओचंही बहुतेक वेळा नाही, हे ऐकून लोक चकित होतात. घरगुती आरओत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. पाण्याला चव यावी म्हणून तो गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं मिसळतो, किंवा खनिजांची कांडी लावलेली असते. पिण्यासाठी ते ठीक, पण टाकीत रोज तेच घातलं तर त्यातले नायट्रेट, सिलिकेट, कधी पाइपातलं तांबंसुद्धा साचत जातं. आरओच्या पडद्यानंतर डीआय रेझिनची, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची, नळकांडी लावलेलं वेगळं युनिट हवं, आणि टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं. मीटर काही शे रुपयांत मिळतो. शून्य जाऊन आकडा दिसायला लागला की रेझिन बदलायची.

खारं पाणी बनवताना मरीन सॉल्टच वापरायचं. मिठागरातलं खडे मीठ का नाही, असा प्रश्न हमखास येतो. मिठागरात समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा कॅल्शियमचे क्षार आधीच तळाला बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात राहून जातं. हातात येतं ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. कोरलला हवं ते सगळं मागे राहिलं. कुलाब्याहून किंवा अलिबागहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणणारेही आहेत. किनाऱ्यालगतचं आपलं पाणी गढूळ, पावसाळ्यात पातळ झालेलं, आणि त्यात नाल्यांचं काय काय मिसळलेलं असतं, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

बादलीत आधी पाणी, मग मीठ, हा क्रम पाळा. दहा लिटरला साधारण 360 ते 380 ग्रॅम लागतं, कारण पाकिटातल्या मिठात थोडा ओलावा असतोच. छोटा पंप सोडून काही तास फिरू द्या, मग मोजा. रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून बरोबर आहे असं धरू नका. पस्तीसच्या प्रमाणित द्रावणावर तपासा, कारण आपल्याला वाचायचं तिथे आहे, शून्यावर नाही.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की मशरूम-लेदरच्या टाकीला लागणारं बहुतेक सगळं त्यातूनच मिळतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पीएच सावरून धरण्याची पाण्याची ताकद) यांच्या बाटल्या मांडून दुकानदार जी रांग उभी करतो, ती दगडी सांगाडा बांधणाऱ्या कोरलसाठी आहे. त्यांना लिटरला कॅल्शियम 400 ते 450 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1250 ते 1400 मिलिग्रॅम आणि अल्कलिनिटी 7 ते 11 डीकेएच (तिचं नेहमीचं एकक) लागते, आणि ते रोज खर्च होतं म्हणून रोज घालावं लागतं. मशरूमला सांगाडाच नाही, तर खर्च कुठून होणार? मोजल्याशिवाय काहीही ओतायचं नाही, एवढा एक नियम ठेवा. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, घरात माणसांचा कार्बन डायऑक्साइड साचतो आणि टाकीचा पीएच 7.8 पर्यंत उतरतो. त्यावर पीएच वाढवायची पावडर टाकू नका, खिडकी उघडा.

उष्मा आणि वीज

तापमान 25-26 अंशांवर स्थिर राहिलं तर फार छान. 27 चाललं. सकाळी 25 आणि दुपारी 30 हे मात्र सतत 27 पेक्षा वाईट.

टाकीवर पंखा लावून पाणी थंड करणं हा स्वस्त उपाय. कधी चालतो आणि कधी नाही याचं गणित साधं आहे: पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, आणि हवा आधीच दमट असेल तर ते उडतच नाही. नागपूरला मे महिन्यात 44 अंश असताना घरातला कूलर गारवा देतो आणि मुंबईत 33 अंशांतही कूलरसमोर चिकचिक होते, त्याचं कारण हेच. त्यामुळे विदर्भात, मराठवाड्यात, पुण्यातही पंख्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे मे-जूनमध्ये पाणी 28-29 च्या खाली यायला तयार नसतं, पंखा कितीही मोठा लावा. तिथे दोनच मार्ग, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा एसीची खोली. हा खर्च टाकी घेण्याआधी मोजावा, एप्रिलमध्ये नव्हे. आणि पंखा लावलात की टॉप-अपचं पाणी दुपटीने लागेल, वरचा हिशेब आठवा.

वीज गेली तर घाबरण्याचा क्रम ठरलेला आहे. लाइट नसला तरी कोरल एक-दोन दिवस काढतं. हीटर तर आपल्याकडे बहुतेक महिने नसला तरी चालतो. संपतो तो ऑक्सिजन, आणि रात्री लवकर संपतो, कारण अंधारात शैवालही श्वासच घेतं. म्हणून इन्व्हर्टरवर एकच गोष्ट घ्या, वेव्हमेकर, म्हणजे टाकीतलं पाणी फिरवणारा पंप, तोंड पाण्याच्या पृष्ठभागाकडे करून. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या.

आपल्या घरातल्या आणखी एका गोष्टीबद्दल परदेशी पुस्तकांत फारसं सापडत नाही: डास-झुरळांचे फवारे. त्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली औषधं मासे आणि कोळंबी-खेकड्यांना फार विषारी असतात. ज्या खोलीत टाकी आहे तिथे फवारा नको. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल येणार असेल तर टाकी प्लास्टिकने झाका, हवेचा पंप बंद करा, खिडक्या उघड्या ठेवा. हात घालण्याआधी साबण-क्रीम-बाम धुऊन टाका. आणि माशाला पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध मुख्य टाकीत कधीही टाकू नका. मासा वाचेल, बाकी बिनकण्याचं सगळं मरेल. आजारी मासा वेगळ्या टाकीत.

टाकी तयार आहे का?

नव्या टाकीत सुरुवातीला अमोनिया चढतो, मग जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. याला सायकल म्हणतात आणि चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले म्हणजे टाकी मासा ठेवण्याइतकी तयार झाली. कोरलसाठी मी आणखी थांबायला सांगेन. सायकलनंतर वाळूवर तपकिरी धूळ येते, मग केसांसारखं हिरवं शैवाल, कधी लालसर साय. हौशी लोक याला 'अग्ली फेज' म्हणतात आणि ती सगळ्यांकडे येते. ती ओसरून दगडावर जांभळट कोरलाइन शैवालाचे ठिपके दिसू लागले, की समजा पाणी स्थिरावलं. साधारण तीन महिने.

या काळात नायट्रेट-फॉस्फेट शून्य करण्याचा ध्यास लागतो. शून्य नको. तो दुसरा जीव, पेशींतलं शैवाल, यावरच जगतो. लिटरला नायट्रेट 5 ते 15 आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 मिलिग्रॅमच्या दरम्यान असलं की मशरूम खूश. दोन्ही शून्यावर खेचली तर टाकीत डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा चिकट तपकिरी थर माजण्याची भीती असते, आणि तो घालवणं हिरव्या केसांपेक्षा कितीतरी अवघड.

माशांमध्ये टाकीत पैदास झालेल्या क्लाउनफिशची एक जोडी पुरे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र कधीच बसवलंय, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारण नाही.

ज्या दिवशी येतं

पिशवी बंद ठेवून टाकीच्या पाण्यावर वीसेक मिनिटं तरंगू द्या, तापमान जुळतं. मग पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा मोजा. फरक असेल तर अर्ध्या तासात थोडं थोडं टाकीचं पाणी घालत जा. तासन्तास थेंब थेंब घालत बसायची गरज नाही, तेवढ्या वेळात छोट्या भांड्यातलं पाणी थंड-गरम होऊन जातं. त्यानंतर कोरल डिपमध्ये, म्हणजे किडे पाडणाऱ्या औषधाच्या पाण्यात, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपुरतं बुडवा, हलकेच हलवा, आणि भांड्याच्या तळाशी काय पडलंय ते टॉर्च लावून बघा. चपटे किडे, गोगलगाईची अंडी, काहीही असतं. पिशवीचं आणि डिपचं पाणी टाकीत जाता कामा नये. कोरल ज्यावर चिकटवलेलं असतं तो खालचा छोटा प्लग शक्य असेल तर काढून टाका, कारण ऐप्टेशिया नावाचं चिवट समुद्रफूल त्याच्याच खाचेत लपून येतं. ते एकदा टाकीत पसरलं की महिनोन्महिने पुरतं.

मशरूम तळाजवळ, वेव्हमेकरच्या थेट झोताबाहेर ठेवा. लाइट पहिल्या दिवशी नेहमीच्या तीस-चाळीस टक्क्यांवर, आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर. मशरूमला 50 ते 100 पार पुष्कळ होतात. पार म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे प्रकाशकण एका चौरस मीटरवर सेकंदाला किती पडतात त्याचं माप. दगडी फांद्यांच्या कोरलना याच्या तिप्पट-चौपट लागतो. टायमरवर आठ ते दहा तास. लाइटबद्दल एवढंच.

आता मशरूमची एक खोड. ते चिकटत नाही. बुळबुळीत असल्यामुळे सुपरग्लू त्याच्या चिकट स्रावाला धरतो, मशरूमला नाही, आणि दुसऱ्या सकाळी ते टाकीत कुठेतरी फिरत असतं, बहुधा पंपाच्या जाळीजवळ. उपाय असा: प्लास्टिकचा छोटा डबा घ्या, त्यात दगडाचे सुपारीएवढे तुकडे भरा, मशरूम तोंड वर करून त्यावर ठेवा, डब्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरबँडने बांधा. डबा टाकीत शांत कोपऱ्यात, बऱ्यापैकी सावलीत. आठ-पंधरा दिवसांत ते एखाद्या तुकड्याला पायाने धरतं. मग तो तुकडा उचलून हव्या त्या जागी ग्लूने चिकटवा. शेजाऱ्यापासून पाच-सात सेंटिमीटर अंतर राहू द्या. ऱ्होडॅक्टिस शेजाऱ्याला डसतं.

ते काय सांगतं

कोरलला आवाज नाही पण अंगकाठीवरून बरंच कळतं. मशरूम दिवसा फुगून, कडा पसरून बसलं असेल तर सगळं ठीक. देठ लांब करून वर उचललं गेलं आणि ताणून पातळ झालं तर प्रकाश कमी पडतोय. आक्रसून बारीक झालं, रंग फिका पडतोय, तर प्रकाश जास्त आहे. उलट तपकिरी पडत चाललं तर शैवाल वाढलंय, म्हणजे प्रकाश मंद किंवा नायट्रेट जास्त. तोंड वासून आतले पांढरे धागे बाहेर आलेत, हा खरा इशारा. तेव्हा पहिल्यांदा खारटपणा, मग तापमान, मग अमोनिया मोजा, याच क्रमाने. आकडे मोजायच्या आधी काही ओतू नका आणि कोरल उचलून दुसरीकडे नेऊ नका. जागा बदलली की त्याला सगळं पहिल्यापासून जुळवून घ्यावं लागतं. एका वेळी एकच बदल, आणि पुढचा बदल किमान आठवड्याने.

लेदर कोरल घेतलंत तर ते कधीतरी नक्की घाबरवेल. सगळे पॉलिप आत ओढून घेतं, वर मेणचट, चकचकीत साय धरतं आणि आठ-दहा दिवस तसंच रुसून बसतं. आजार नाही, ते कात टाकतंय. त्या थराबरोबर अंगावर बसलेलं शैवाल आणि घाण निघून जाते. वेव्हमेकरचा झोत किंचित त्याच्या बाजूला वळवला तर लवकर उरकतं. लेदर पाण्यात शेजाऱ्यांना नकोशी रसायनंही सोडतं, म्हणून त्याच्याबरोबर दुसरी कोरलं असतील तर ती रसायनं शोषून घेणारी ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी फिल्टरमध्ये असावी.

खायला? माशांना घालता त्यातलं उरलंसुरलं पुरतं. हौस असेल तर आठवड्यातून एकदा मायसिस कोळंबीचा एक कण मशरूमच्या मधोमध ठेवा, कडा हळूहळू मिटताना दिसतील. त्यापेक्षा जास्त घातलं तर ते कोरलला न जाता नायट्रेटला जातं. गणपतीला आठवडाभर कोकणात जाणार असाल तर शेजाऱ्यांच्या हातात डबा देऊ नका, रोजची पुडी बांधून द्या. आणि निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात टाकीत नवं काहीही आणू नका.

झोअँथिडचं विष

झोअँथिड आणि त्याचा भाऊ पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. 1971 मध्ये हवाईतल्या मूर आणि श्यूअर या रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढल्याचं जाहीर केलं. प्रथिन नसलेल्या विषांमध्ये याची गणना सर्वांत जहाल विषांत होते. टाकीत नुसतं बसलेलं झोअँथिड काही करत नाही. धोका आहे तो कापताना, घासताना, आणि सगळ्यात जास्त उकळताना. जुना दगड स्वच्छ करायचा म्हणून गरम पाण्यात टाकला किंवा ब्रशने खरवडला आणि वाफ-तुषारांमुळे अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये गेलं, अशा घटना परदेशात घडल्या आहेत. दगड कधीही उकळायचा नाही. हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्याखाली ठेवूनच काम करायचं. डोळ्यात तुषार गेला, किंवा तोंड कडवट होऊन ताप-अंगदुखी-धाप सुरू झाली तर डॉक्टरकडे जाऊन 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द स्पष्ट सांगायचा, कारण नाहीतर तो फ्लू समजला जाईल. घरात लहान मुलं असतील तर पहिलं कोरल म्हणून मी हे सुचवणार नाही.

एकाची पाच झाल्यावर

जमलेलं मशरूम आपण होऊन वाढतं. ते दगडावरून इंचाइंचाने सरकतं आणि मागे पायाचे बारीक तुकडे सोडत जातं. प्रत्येक तुकड्यातून नवं मशरूम उगवतं. कधी मधोमध फाटून दोन होतात. वर्षभरात दगड भरला की वाटायची वेळ येते. तुकड्यासकट दुसऱ्या हौशी माणसाला द्या, किंवा दुकानदाराशी मिठाच्या पाकिटावर अदलाबदल करा.

समुद्रात मात्र सोडू नका, 'आपलं होतं तिथे गेलं' असं वाटलं तरी. हिंद-प्रशांत महासागरातलं झेनियाच्या कुळातलं एक मऊ कोरल व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यावर पोहोचलं, ॲक्वेरियमच्या व्यापारातूनच असं अभ्यासक मानतात, आणि त्याने तिथल्या मूळ प्रवाळांवर चादर घातली. नको असलेला तुकडा खारं पाणी निथळून उन्हात कडकडीत वाळवा आणि मग कचऱ्यात टाका (झोअँथिड असेल तर आधी ब्लीचच्या पाण्यात, हातमोजे घालून). बदललेलं पाणी घरच्या मोरीत ओता, खाडीत किंवा नाल्यात नको.